टाकाऊतून टिकाऊ : गोधडीच्या टाक्यांतून शिक्षण

वापरून झालेल्या वस्तूला कौशल्याने नवे रूप देऊन तिचे मूल्य वाढविणे, यास आज 'अपसायकलिंग' असे म्हटले जाते. पुनर्चक्रीकरणात वस्तूचे बहुधा पुन्हा कच्च्या मालात रूपांतर होते. अपसायकलिंगमध्ये मात्र कारागिराचा हात आणि त्याची दृष्टी यांमुळे टाकाऊ वस्तू मूळ वस्तूपेक्षाही मोलाची ठरते. हा शब्द १९९० च्या दशकात प्रचारात आला. पण त्यामागील विचार भारतीय घरांना मुळीच नवा नाही. आपल्या गोधडीने तो पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. हा वारसा प्राथमिक शाळेतील मुलांपर्यंत कसा पोहोचवावा, याचा येथे थोडक्यात विचार करू.

एक धागा, अनेक प्रांत

महाराष्ट्रात जिला गोधडी किंवा वाकळ म्हणतात, तिच्या बहिणी देशभर आढळतात. बंगालमध्ये ती 'कांथा' होते. संस्कृतातील 'कंथा' हा शब्द ठिगळांच्या वस्त्रासाठी मराठीतही परिचित आहे. मऊ झालेल्या साड्या व धोतरे एकावर एक पसरून त्यांवर धावदोरा घालायचा आणि त्यासाठी लागणारे रंगीत धागेही जुन्या साडीच्या काठातूनच उसवून घ्यायचे, अशी कांथेची मूळ रीत होती. मध्यभागी कमळ आणि कोपऱ्यांत वृक्ष ही तिची आवडती मांडणी. बिहारमधील 'सुजनी' नवजात बालकाला मऊ जुन्या कापडात लपेटण्याच्या प्रथेतून आली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुजफ्फरपूर जिल्ह्यातील भूसुरा परिसरात तिचे पुनरुज्जीवन झाले आणि तेथील स्त्रिया हुंडा, मुलींचे शिक्षण असे विषयही टाक्यांतून मांडू लागल्या.

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रिया 'कवंदी' शिवतात. या समाजातील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून गोव्यात आणले गेले होते आणि तेथून निसटून ते सह्याद्रीच्या जंगलांत स्थिरावले. कवंदी कडेपासून सुरू होऊन मध्याकडे जाते. तिच्या चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची 'फुले' लावल्यावाचून ती पूर्ण झाली असे मानले जात नाही.

जेथे गोधडीची परंपरा नाही, तेथे अन्य कला हाताशी असतात. कच्छमधील निरोणा गावचे लोहार भंगारातील लोखंडी पत्र्यापासून, जोडकाम न वितळवता, तांब्याचा मुलामा दिलेल्या घंटा घडवितात. काश्मिरी कारागीर रद्दी कागदाचा लगदा साच्यावर चढवून नक्षीदार पेट्या तयार करतात. शिक्षकांनी आपल्या परिसरातील कला निवडावी, हे श्रेयस्कर.

वर्गातील पाठ : दुर्जनी

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या आधारे सर्व विषय शिकविण्याची कल्पना मांडली होती. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या निमित्तानेही वारसा हस्तकलांवर स्वतंत्र अभ्यासगट नेमण्यात आला होता. हस्तकला हा फावल्या वेळचा विरंगुळा नसून ते शिक्षणाचे माध्यम आहे, हेच दोन्हींचे सूत्र होय.

संपूर्ण गोधडी लहान मुलांच्या आवाक्याबाहेरची असते. बंगालमधील 'दुर्जनी' मात्र त्यांना सहज जमते. दुर्जनी म्हणजे पैसे ठेवण्याची कांथेची छोटी पिशवी. जुन्या सुती कापडाचे तीन थर, प्रत्येकी २४ सेंटीमीटर बाजूचे, एकमेकांवर ठेवून त्यांवर धावदोरा घालावा. नंतर तीन कोपरे मध्यबिंदूवर आणून त्यांच्या जुळणाऱ्या दोन कडा शिवल्या की लिफाफा तयार होतो. चौथा कोपरा झाकणाचे काम करतो. त्याला जुन्या सदऱ्याची गुंडी लावावी.

पहिली-दुसरीच्या मुलांनी कापडे हाताळून सुती, रेशमी, कृत्रिम असे गट करावेत. तिसरी-चौथीत बोथट टोकाच्या मोठ्या सुईने धावदोरा शिकवावा. पाचवीच्या मुलांनी घरातील आजी-आजोबांकडून गोधडीतील प्रत्येक तुकड्याची हकीकत लिहून आणावी. कापड गरम पाण्यात धुऊन वाळविलेले असावे आणि तासाच्या प्रारंभी व अखेरीस शिक्षकांनी सुया मोजाव्यात.

टाक्यांतले गणित आणि विज्ञान

२४ सेंटीमीटर बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ ५७६ चौरस सेंटीमीटर होते. चारही कोपरे मध्यावर दुमडल्यावर ते निम्मे, म्हणजे २८८ चौरस सेंटीमीटर उरते. मुलांनी हे आधी कागदाची घडी घालून पडताळावे. 'निम्मे' या शब्दाचा अर्थ मग पाठ करावा लागत नाही.

विज्ञानासाठी दोन सारखे बर्फाचे खडे घ्यावेत. एक खडा एकेरी कापडात व दुसरा शिवलेल्या अनेक थरांत गुंडाळावा. गोधडी 'ऊब देते' या समजुतीमुळे तिच्यातील बर्फ आधी वितळेल, असे बहुतेक मुलांना वाटते. प्रत्यक्षात तो उशिरा वितळतो. थरांमध्ये अडकलेली हवा उष्णतेचे वहन रोखते. गोधडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, ती उष्णता अडविते. तसेच विरलेले एकेरी कापड चटकन फाटते. परंतु जवळजवळ घातलेल्या टाक्यांमुळे ताण सर्व थरांत विभागला जातो आणि दुबळी वस्त्रे एकत्र येऊन बळकट होतात.

एक सावधगिरी

'टाकाऊतून टिकाऊ' या नावाने शाळांतून स्पर्धा भरतात. त्यांत कित्येकदा जुन्या बाटलीवर चिकटविण्यासाठी चमकी, थर्माकोल व प्लॅस्टिकची फुले नव्याने विकत आणली जातात, बहुतांश काम पालक करतात आणि प्रदर्शन संपताच ती वस्तू कचऱ्यात जाते. येथे कचरा कमी न होता वाढतो. म्हणून प्रत्येक कृतीला तीन प्रश्न विचारावेत. नवे काय विकत आणले? ही वस्तू रोज वापरली जाईल काय? ती फाटली तर दुरुस्त करता येईल काय? परंपरागत गोधडी या तिन्ही कसोट्यांना उतरते.

चिंधी फुकट, श्रम नव्हे

अखेरचा धडा हिशेबाचा आहे. समजा, एक दुर्जनी करण्यास ४० मिनिटांच्या सहा तासिका लागल्या. म्हणजे एकूण २४० मिनिटे, अर्थात चार तास. श्रमाचे मोल ताशी ५० रुपये धरले, तर मजुरी २०० रुपये होते. दोरा व सुईचे १० रुपये धरून एकूण २१० रुपये. आता तीच पिशवी कोणी ३० रुपयांना मागितली, तर मुलांना काय वाटेल? 'कापड तर जुनेच आहे,' असे म्हणून भाव पाडणाऱ्या ग्राहकापुढे कारागीर स्त्री कला का सोडून देते, याचे उत्तर त्यांना भाषणावाचून मिळते.

हा हिशेब आपणा मोठ्यांनाही उपयुक्त आहे. नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केलेल्या स्वयंसहायता गट-बँक जोडणी कार्यक्रमामुळे अनेक महिला गट बँकेच्या दारापर्यंत आले. शिवणकाम करणाऱ्या गटाच्या प्रस्तावात कच्च्या मालाचा आकडा लहान दिसतो, तर श्रमाचा मोठा असतो, कित्येकदा तो लिहिलेलाच नसतो. त्या रिकाम्या रकान्याची विचारपूस कर्मचाऱ्याने आवर्जून करावी. ग्राहकांनीही गोधडी घेताना कापडाच्या वयापेक्षा टाक्यांची संख्या पाहावी. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने एक दुर्जनी शिवली आहे, तो उद्या असा भाव सहसा पाडणार नाही आणि घरातली जुनी साडी फेकण्यापूर्वी दोनदा विचार करील. प्राथमिक शाळेच्या सहा तासिकांनी एवढे साधले, तरी ती गुंतवणूक सार्थ झाली असे म्हणता येईल.