ताटातला भात आणि अंगातली साखर : काही गैरसमज

मधुमेह आणि रक्तदाब हे शहरातल्या, बसून काम करणाऱ्या, पोट सुटलेल्या माणसांचे आजार आहेत, शेतात राबणाऱ्या सडपातळ माणसाला ते होत नाहीत, ही समजूत खेड्यापाड्यांत अजून घट्ट आहे. पुणे जिल्ह्यात महामार्गालगतच्या कामथडीपासून वेल्ह्याच्या डोंगरवाड्यांपर्यंतच्या भातपट्ट्यातही ती तपासून पाहायला हवी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार मधुमेहाचे प्रमाण शहरी भागात 16.4 टक्के आणि ग्रामीण भागात 8.9 टक्के आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखेच, 15 टक्क्यांच्या थोडे वर आहे. म्हणजे पुढच्या काही वर्षांत आजारी पडू शकणारी माणसे खेड्यातही तितकीच आहेत.

सडपातळपणाचे संरक्षणही वाटते तितके भक्कम नाही, आणि हे पुण्यातच दाखवून दिले गेले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते, दोघांचा शरीरभार निर्देशांक 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के निघाली. भारतीय शरीर बारीक दिसूनही आतून चरबीचे असू शकते. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून झालेल्या अभ्यासात हेच लक्षण नवजात बाळांतही दिसले: वजन कमी, स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. म्हणून भारतीयांसाठी वजनकाट्यापेक्षा कंबरेचे माप अधिक बोलके ठरते. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर आणि बाईची 80 सेंटिमीटर ओलांडली, तर हातपाय काटक्यांसारखे असले तरी धोका वाढलेला असतो.

'शेतकऱ्याला वेगळा व्यायाम कशाला?' हा प्रश्न चिखलणी, लावणी आणि कापणीच्या दिवसांपुरता रास्त आहे. पण भाताचे कष्ट हंगामी असतात, आणि आता पॉवर टिलर, मोटारसायकल आणि शिरवळच्या कारखान्यांतली नोकरी यांनी ते आणखी कमी केले आहेत. पोषणविषयक राष्ट्रीय शिफारशींनुसार 65 किलो वजनाच्या पुरुषाला जड कष्ट असताना दिवसाला सुमारे 3,470 किलोकॅलरी लागतात, बैठ्या कामात 2,110. हा फरक साडेतेराशेच्या घरात जातो. लावणीच्या दिवसांतले ताट वर्षभर तसेच राहिले, तर उरलेले पोटावर साठते. कष्ट थांबतात त्या महिन्यांत आठवड्याला किमान 150 मिनिटे भरभर चालणे आवश्यक आहे, वयाची साठी उलटली तरीही.

मग भात सोडायचा का? इंद्रायणी आणि आंबेमोहर पिकवणाऱ्या घरांना हा सल्ला देणे अन्यायाचे आहे आणि शास्त्रालाही धरून नाही. बिघाड भातात नसून त्याच्या वाट्यात आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी धान्यांचा वाटा 45 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. 2,000 किलोकॅलरीच्या आहारात सगळी धान्ये मिळून कोरडी 250 ग्रॅम, डाळी-कडधान्ये 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम आणि दूध 300 मिलिलिटर असा हिशेब आहे. ढीगभर भात, वर पळीभर पातळ आमटी आणि चिमूटभर भाजी असे ताट असेल, तर ते नेमके उलटे ठरते.

भाताऐवजी नाचणी खाल्ली की साखर वाढत नाही, हाही अर्धाच खरा समज. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळात दहाच्या आसपास. हाडांसाठी तिच्या तोडीचे दुसरे धान्य नाही. तंतूही तांदळापेक्षा जास्त. तिची भाकरी ताटात परत यायलाच हवी. पण तीही पिष्टमय आहे, आणि बारीक पिठाची पातळ आंबील रक्तातली साखर झपाट्याने चढवू शकते. मधुमेह्याने नाचणी खावी, मोजून खावी आणि सोबत उसळ घ्यावी.

प्रथिने म्हणजे मटण-अंडी, किंवा तालमीतल्या पोरांचा डबा, असे मानले जाते. प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 55 किलोच्या बाईला सुमारे 46 ग्रॅम. वाल, हुलगा, मसूर, शेंगदाणे आणि दूध यांतून ती मिळतात. अट एवढीच, की आमटीत डाळ दिसली पाहिजे आणि घरचे सगळे दूध डेअरीला जाऊ नये. दूध वगळले, तर शाकाहारी माणसापुढे बी-12 जीवनसत्त्वाचीही अडचण उभी राहते. मोड आलेल्या कडधान्यांत ते मिळते, हे चूक आहे. ते दूध, दही, अंडी, मासे आणि मांसातूनच येते, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळीतून.

रक्त कमी आहे म्हणून बाईने गूळ खावा, असे सांगून विषय संपवला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. या वयात दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागते. गुळाच्या खड्याने ते भरून निघत नाही, आणि मधुमेह्यासाठी गूळ ही साखरच. टाकळा-कुर्डूसारख्या पालेभाज्या, कडधान्ये, वर लिंबू किंवा आवळा, आणि जेवणाला लागून चहा टाळणे याने लोह अंगी लागते. रक्तक्षय ठरल्यावर मात्र लोहाच्या गोळ्यांना पर्याय नाही.

रक्तदाब असला तरी सैंधव मीठ चालते, ही समजूतही सोडावी. त्यातही सोडियम तेवढेच असते, आयोडीन मात्र बहुधा नसते. माणशी दिवसाला 5 ग्रॅम ही मर्यादा धरली, तर चौघांच्या घरात किलोभर मीठ 50 दिवस पुरले पाहिजे, लोणचे-पापडातले मीठ वेगळे काढून नव्हे, धरूनच. तेलाचा हिशेब चौघांना महिन्याला सव्वातीन किलोचा. चहाचे चार कप, प्रत्येकी दोन लहान चमचे साखर, एवढ्यानेच दिवसाची 25 ग्रॅमची मर्यादा ओलांडली जाते.

सर्वांत घातक समजूत शेवटची: त्रास नाही म्हणजे आजार नाही. रक्तदाब वर्षानुवर्षे काही न जाणवता मूत्रपिंड आणि हृदय पोखरतो, मधुमेहही सुरुवातीला गप्प असतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी सरकारी आरोग्य उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्हींची तपासणी मोफत होते. गावातल्या आशाताईंकडे चौकशी करून घरातल्या प्रत्येक प्रौढाने ती वर्षातून एकदा करून घ्यावी.