आंबट द्राक्षे आणि मुलांचे दात : यहेज्केलच्या ग्रंथातील न्यायविचार

बापाच्या पापाची शिक्षा मुलाने का भोगावी? यहुदी धर्मग्रंथात या प्रश्नाची एकाहून अधिक उत्तरे सापडतात. यहेज्केल या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या १८ व्या अध्यायात ती समोरासमोर येतात.

इ.स.पू. ५९७ मध्ये बॅबिलोनच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम जिंकले आणि तेथील राजा, सरदार व कारागीर यांना आपल्या देशात नेले. यहेज्केल हा याजकही त्यांच्यात होता. त्या काळी लोकांच्या तोंडी एक म्हण होती : आंबट द्राक्षे खाल्ली वाडवडिलांनी, दात मात्र आंबले मुलांचे.

या तक्रारीला शास्त्राधार होता. निर्गम ग्रंथातील दहा आज्ञांमध्ये, मूर्तिपूजेच्या संदर्भात, वडिलांच्या अपराधाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत होते असे म्हटले आहे. माणसांच्या न्यायालयासाठी मात्र नियम वेगळा होता. अनुवाद ग्रंथानुसार (२४:१६) बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला किंवा मुलाच्या गुन्ह्यासाठी बापाला देहदंड देता येत नाही.

यहेज्केल हेच तत्त्व देवाच्या न्यायाला लावतो. तो तीन पिढ्यांचे उदाहरण घेतो : आजोबा नीतिमान, मुलगा जुलमी, नातू पुन्हा नीतिमान. आजोबांच्या पुण्याने मुलगा वाचत नाही आणि मुलाचे पाप नातवाला लागत नाही. पुढे तो म्हणतो की माणूस स्वतःच्या भूतकाळालाही कायमचा बांधलेला नसतो. दुष्ट माणूस मागे फिरला तर तो जगेल. नीतिमान बिघडला तर पूर्वीचे पुण्य कामी येणार नाही. या मागे फिरण्याला हिब्रू परंपरेत पुढे ‘तशूवा’ असे नाव मिळाले.

ती म्हण लोकांना निर्दोष ठरवत होती, पण हतबलही करत होती. सारे पूर्वजांनीच ठरवून ठेवले असेल, तर आज चांगले वागून काय उपयोग? यहेज्केल त्यांची सबब काढून घेतो आणि त्याच वेळी त्यांना भविष्य परत देतो.

प्रश्न येथे संपत नाही. याच ग्रंथाच्या २१ व्या अध्यायात तलवार नीतिमान आणि दुष्ट दोघांवरही चालते. तालमूदमध्येही दोन मते दिसतात. एका मतानुसार यहेज्केलने मोशेचे वचन रद्द केले. दुसऱ्या मतानुसार वडिलांची दुष्कृत्ये मुले स्वतः पुढे चालवतात तेव्हाच जुने वचन लागू होते.

विचारासाठी प्रश्न : पूर्वजांच्या कृत्यांचे परिणाम भोगणे आणि त्यांचा दोष अंगावर येणे, या दोन गोष्टी तुम्ही कशा वेगळ्या कराल?