मोरो तलवारीचा जीर्णोद्धार

फिलिपाईन्सच्या दक्षिणेस मिंदानाव हे मोठे बेट आणि सुलू हा लहान बेटांचा पुंजका आहे. तेथील तौसुग, मराणाव, मागिंदानाव, याकान इत्यादी मुसलमान जमातींना सोळाव्या शतकात आलेल्या स्पॅनिश लोकांनी ‘मोरो’ हे नाव दिले. मायदेशी ज्या उत्तर आफ्रिकी मुसलमानांशी ते शतकानुशतके झगडले होते, त्यांचेच नाव या नव्या प्रतिपक्षास चिकटले. स्पेनला हा मुलूख तीनशे वर्षांत पुरता जिंकता आला नाही, आणि १८९९ मध्ये तेथे उतरलेल्या अमेरिकन फौजेलाही १९१३ पर्यंत लढावे लागले. १९११ साली जनरल पर्शिंग यांनी मोरोंच्या निःशस्त्रीकरणाचा हुकूम काढला. या काळात रणांगणावर उचललेल्या, जप्त केलेल्या वा विकत घेतलेल्या कितीतरी तलवारी सैनिकांच्या पेट्यांतून अमेरिकेस गेल्या आणि तेथील माळ्यांवर गंजत पडल्या.

त्यांपैकी ‘कलिस’ किंवा क्रिस हे शस्त्र सर्वांत लक्षवेधी. जावामधील क्रिस हा भोसकण्याचा खंजीर. मोरोंचा क्रिस मात्र तोडण्याची तलवार आहे. पाते दुधारी, साधारण दीड ते दोन फुटांचे. कधी सरळ, कधी नागमोडी, तर कधी अर्धे नागमोडी आणि पुढे सरळ. मुठीजवळ ते एका अंगाने रुंद होते व तेथे हत्तीच्या सोंडेसारखा आकार कोरलेला असतो. जुन्या तलवारींत हा रुंद भाग निराळा घडवून पात्यावर घट्ट बसविलेला असतो. विसाव्या शतकातील पुष्कळ तलवारींत त्या जागी नुसती रेघ कोरलेली आढळते. तलवारीचे वय अजमावताना जाणकाराची दृष्टी प्रथम या सांध्यावर जाते. पाते हलू नये म्हणून ‘आसांग-आसांग’ नावाच्या धातूच्या पट्ट्या पात्याला धरून मुठीत शिरतात, आणि मुठीत जाणारे पात्याचे शेपूट जावातल्यासारखे गोल न ठेवता चौकोनी ठेवलेले असते. गोल शेपूट पहिल्या जोरकस घावातच मुठीत फिरले असते.

अशी तलवार हाती आली की उत्साही मनुष्य प्रथम सहाण वा विजेचे चाक शोधतो. नुकसान होते ते याच वेळी. घासून चकचकीत केलेले पाते आरशासारखे दिसते खरे, परंतु त्याबरोबर सांध्याच्या कडा, कोरीव रेषा आणि शतकभराच्या वापराच्या खुणा कायमच्या जातात. जुना कारागीर गंज काढतो तो उसंतीने: प्रथम तेल मुरवून, मग पोलादाहून मऊ अशा हाडाच्या किंवा पितळेच्या तुकड्याने खरवडून, आणि उरलेल्यासाठी शिरका लावून. फिलिपाईन्समध्ये हा शिरका माडाच्या सुरेपासून करतात. गोव्यातील कोणत्याही गृहिणीस तो वासावरूनच ओळखता येईल.

यानंतर येतो लिंबाचा रस. पाते स्वच्छ धुऊन, तेलाचा अंशही राहू न देता, त्यावर पुनःपुन्हा रस फिरविला जातो. मोरो लोहार मऊ लोखंड आणि कडक पोलाद एकावर एक ठेवून, ठोकून, दुमडून पाते घडवीत. आम्ल लागताच जास्त कर्बाचे पोलाद काळवंडते, मऊ लोखंड फिके राहते, आणि लाकडाच्या शिरांसारख्या रेषा वर येऊ लागतात. लोहाराचा हात कसा चालला होता, हे इतक्या वर्षांनी प्रथम दिसते. येथेही थांबावयाचे कधी हे कळावे लागते, कारण अधिक वेळ लागलेले आम्ल धारच खाऊ लागते. मग पाते राखेच्या पाण्याने धुऊन लागलीच कोरडे करतात आणि वर तेलाचा पातळ हात देतात.

मुठीचे काम याहून नाजूक असते. मूठ राळेने बसविलेली असते. फिलिपाईन्समध्ये ‘अल्मासिगा’ नावाच्या वृक्षाची राळ प्रसिद्ध आहे. भारतातील जुन्या तलवारींच्या मुठीही राळेत वा लाखेत बसवीत, तेव्हा हे तंत्र येथील शिकलगारास परके वाटणार नाही. मुठीपासून चार बोटांवर पात्यास मंद आच दिली की ऊब सरकत जाते, राळ मऊ होते आणि मूठ हातात येते. आच वाढली तर पोलादाचे पाणी उतरते. पात्यावर फिकट पिवळी झाक दिसू लागली म्हणजे उशीर झालाच. आजकाल या कामी कृत्रिम चिकटद्रव्ये वापरली जातात. ती राळेहून बळकट असतात, आणि हाच त्यांचा दोष. पुढे कधी मूठ काढावयाची झाली तर लाकूड फोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. राळ शंभर वर्षांनीही पुन्हा वितळते.

मुठीवरील गुंडाळणी अबाकाच्या तंतूंची वा चांदीच्या तारेची असते. अबाका ही केळीचीच जात. जगभरच्या जहाजांवर वापरला गेलेला मॅनिला दोर याच तंतूचा. श्रीमंतांच्या मुठींवर सोने व तांबे यांच्या ‘स्वासा’ नामक मिश्र धातूचे पट्टे असत, आणि मुठीचे टोक काकाकुआ पक्ष्याच्या तुऱ्यासारखे हस्तिदंतात कोरलेले असे. तुटलेल्या तुऱ्यासाठी नवा हस्तिदंत आणण्याचा मार्ग आता बंद आहे. १९८९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. म्हणून तुकडा म्हशीच्या शिंगाचा किंवा कठीण लाकडाचा बसवितात. तो रंगवून हस्तिदंताचा भास आणणे ही लबाडी होय. नवा तुकडा नवा दिसला तरी चालते.

धारेवरील खाचांविषयी मात्र कारागिरांत एकमत नाही. काहींच्या मते धार अखंड झाल्याखेरीज काम पुरे होत नाही. पण दुसऱ्या पात्याशी टक्कर होऊन पडलेली खाच बुजवावयाची तर सबंध धार तेवढी घासावी लागते, आणि नागमोडी पात्याचे वळणच बिघडते. मिंदानाव व सुलूमध्ये अशी तलवार ‘पुसाका’, म्हणजे वडिलोपार्जित ठेव, म्हणून एका पिढीकडून दुसरीकडे जाते. एखादी परदेशातून परत त्या घरी पोहोचलीच, तर नातू प्रथम बोट फिरवील ते त्या खाचेवर. तेवढी खाच ठेवून कारागीर म्यानाकडे वळतो: लाकडाच्या दोन फाळी जुळवितो, वरून भिजविलेला वेत गुंडाळतो, आणि वाळताना तो आवळत जाईल तसतशी म्यानाची फट मिटते.