बारा टनांचं बिऱ्हाड

अमेरिकेत २६,००० पौंडांहून, म्हणजे सुमारे ११,८०० किलोंहून जड मालट्रक चालवायचा तर व्यावसायिक परवाना लागतो. त्यासाठी लेखी परीक्षा, गाडी तपासून दाखवण्याची परीक्षा, रिव्हर्सची परीक्षा, रस्त्यावरची परीक्षा असं सगळं द्यावं लागतं. एअर ब्रेक असतील तर त्यांची परीक्षा वेगळी. पण तेवढ्याच वजनाची गाडी कुटुंबाला घेऊन फिरायचं मोटारहोम असेल, तर बहुतेक राज्यांत मोटारीचा साधा परवाना चालतो. टेक्साससारख्या राज्यात २६,००० पौंडांच्या वर, कॅलिफोर्नियात ४० फुटांच्या वर गाडी गेली की वरच्या वर्गाचा बिगर-व्यावसायिक परवाना काढावा लागतो, पण असे अपवाद थोडेच. एरवी कालपर्यंत टोयोटा कॅमरी चालवणारा माणूस आज एसटीएवढी लांब गाडी कायद्याने हायवेवर आणू शकतो.

परीक्षा घेणारं कोणी नसलं की ती आपली आपण घ्यावी लागते. हे तिथल्या हौशी लोकांना पूर्वीच उमगलं होतं. २० जुलै १९६३ रोजी मेन राज्यातल्या हिंक्ली इथं खग्रास सूर्यग्रहण पाहायला काही कुटुंबं आपापल्या घरगाड्या घेऊन जमली आणि त्या मेळाव्यातून ‘फॅमिली मोटर कोच असोसिएशन’ उभी राहिली. त्यानंतर तीन वर्षांनी आयोवातल्या विनेबॅगो कंपनीची मोटारहोम बाजारात आली आणि हा श्रीमंती छंद मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागला. आजही या विषयाचं बरंचसं शिक्षण मालकांच्या मेळाव्यांत किंवा शेजारच्या सीटवर बसून शिकवणाऱ्या खासगी शिक्षकांकडून मिळतं. तिथली मराठी घरंही आता या वाटेला लागली आहेत. उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून आले की यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनसाठी ‘आरव्ही’, म्हणजे अशी घरगाडी, भाड्याने घ्यायचा बेत निघतो. तो बेत आखणाऱ्यांसाठी हा अभ्यासक्रम.

तीन वर्ग

मोटारहोमचे ढोबळ तीन वर्ग आहेत. ‘बी’ म्हणजे उंच व्हॅनच्या आत बसवलेलं घर. ‘सी’ म्हणजे व्हॅन किंवा ट्रकची केबिन तशीच ठेवून मागे बांधलेलं घर. यात केबिनच्या डोक्यावर पलंग असतो, आणि भाड्याने बहुधा हीच मिळते. ‘ए’ म्हणजे सपाट तोंडाची, थेट बसच्या घाटाची गाडी. हिची लांबी तिशीपासून ४५ फुटांपर्यंत, रुंदी आरसे सोडून साडेआठ फूट. मोठ्या ‘ए’मध्ये डिझेल इंजिन मागे असतं आणि ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. पुढचं बरंचसं विवेचन ‘ए’ला धरून आहे. ‘सी’ला तेच नियम थोड्या सौम्य प्रमाणात लागू होतात.

आधी मापं

किल्ली फिरवण्याआधी उंची, लांबी आणि वजन हे तीन आकडे कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवावेत. उंची माहितीपत्रकातली घेऊ नये. छपरावरच्या एसीच्या टोकापर्यंत टेपने मोजावी, कारण गाडीचा सर्वांत उंच भाग तोच. मोठी ‘ए’ सहज १२-१३ फूट भरते. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहरात एक रेल्वेपूल आहे, पूर्वी ११ फूट ८ इंच उंचीचा. पाटी आणि लुकलुकते दिवे असूनही त्याने इतक्या ट्रकांची आणि घरगाड्यांची छपरं सोलली, की लोक त्याला ‘डबा-उघडणी’ म्हणू लागले. २०१९ मध्ये तो उचलून १२ फूट ४ इंच केला, तरी टपं सोलली जाण्याचं थांबलं नाही. फोनवरच्या नेहमीच्या नकाशाला आपल्या गाडीची उंची ठाऊक नसते. म्हणून उंची, लांबी, वजन भरता येईल असा मोटारहोमसाठीचा जीपीएस घ्यावा, आणि तरीही पुलावरची पाटी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी. पेट्रोलपंपाचं छत आणि झाडाच्या आडव्या फांद्या तर कुठल्याच जीपीएसमध्ये नसतात.

लांबीचंही तसंच. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातल्या ‘गोइंग-टू-द-सन’ या प्रसिद्ध घाटरस्त्याच्या मधल्या टप्प्यात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद गाडीला बंदी आहे. झायन राष्ट्रीय उद्यानातला १९३० साली खुला झालेला, सुमारे १.१ मैलांचा बोगदा त्या काळच्या मोटारींच्या मापाने खोदलेला आहे. मोठ्या गाड्यांना आपल्या लेनमध्ये राहून तो पार करता येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं समोरची वाहतूक थांबवून त्यांना मधोमध सोडावं लागे. उद्यानांचे असे नियम बदलत राहतात. त्यामुळे तिकिटं काढण्याआधी त्या-त्या उद्यानाची ताजी सूचना पाहणं हा तयारीचाच भाग.

वजनाचा हिशेब सर्वांत फसवा. गाडीच्या पाटीवर जास्तीत जास्त किती भरलेलं वजन चालेल ते लिहिलेलं असतं. एक गॅलन पाणी सुमारे ३.८ किलोंचं. म्हणजे १०० गॅलनची टाकी भरली की पावणेचारशे किलो आले, आणि तांदळाची पोती अजून चढायची आहेत. सामान, माणसं, इंधन भरून ट्रकस्टॉपवरच्या काट्यावर गाडी एकदा तोलून घ्यावी. टायरमधली हवा पाटीवर छापलेल्या दाबापेक्षा कमी ठेवू नये, आणि टायर थंड असतानाच मोजावी. टायरचं वयही पाहावं. बाजूला कोरलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मोटारहोम वर्षातले बरेच महिने उभी असते, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते आणि आतून रबर म्हातारं झालेलं असतं.

रिकाम्या मैदानातले धडे

रविवारी सकाळी एखाद्या मॉलचं रिकामं पार्किंग परवानगीने मिळालं, तर अर्धी शाळा तिथे होते. पहिला धडा शेपटीचा. मागच्या चाकांमागे गाडीचा दहा-बारा फुटांचा भाग लोंबत असतो. तोंड उजवीकडे वळलं की ही शेपटी डावीकडे झेपावते. गाडी पार्किंगच्या रेषेला समांतर उभी करावी, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे घ्यावी आणि शेपटी रेषेबाहेर किती गेली ते दुसऱ्याने मोजावं. दोन-तीन फुटांचा आकडा आला तर दचकू नये. पेट्रोलपंपावरून निघताना खांब किती जवळ चालेल, हे त्या आकड्यावरूनच ठरतं.

दुसरा धडा मागच्या चाकांचा. वळणावर ती पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, आतला मार्ग कापतात. ‘ए’मध्ये चालक पुढच्या चाकांच्याही पुढे बसलेला असतो, त्यामुळे ‘आता वळवावी’ असं वाटतं तेव्हा ते नेहमी लवकर असतं. चौकात आपण स्वतः जवळजवळ समोरच्या लेनवर पोचेपर्यंत सरळ जायचं आणि मग वळायचं. वळताना आतल्या बाजूच्या आरशात मागचं चाक दिसत राहायला हवं.

तिसरा धडा लेनचा. अमेरिकेत गाडी रस्त्याच्या उजवीकडे चालते आणि चालक डावीकडे बसतो. भारतात शिकलेल्या माणसाला आधीच हे उलटं, त्यात उजवीकडे सहा फूट जास्तीची गाडी. त्यामुळे नवशिका हटकून उजव्या कडेला घसरतो. उपाय म्हणजे नजर दूर ठेवायची आणि थोड्या-थोड्या वेळाने दोन्ही आरशांत लेनच्या रेषा तपासायच्या. वरचा सपाट आरसा अंतर खरं दाखवतो. खालचा फुगीर आरसा जास्त जागा दाखवतो, पण त्यात सगळं असतं त्याहून लांब वाटतं.

हायवे आणि उतार

व्यावसायिक चालकांना शिकवतात तो अंतराचा नियम इथेही वापरावा. गाडीच्या दर दहा फुटांमागे एक सेकंद, आणि वेग ताशी ४० मैलांवर असेल तर आणखी एक. म्हणजे ४० फुटी गाडीला पुढच्या वाहनापासून पाच सेकंद. मध्ये कोणी घुसलं तर पुन्हा पाच. शेजारून मोठा ट्रक जाताना हवेचा झोत आधी बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो. तो आरशात दिसला की आधीच तयार राहावं, म्हणजे स्टिअरिंग झटक्यात फिरवायची वेळ येत नाही. वायोमिंगसारख्या उघड्या मुलखात जोराच्या आडव्या वाऱ्याचा इशारा असेल, तर त्या दिवशी मुक्काम वाढवणं हेच चांगलं चालवणं.

घाट उतरताना गिअर उतार सुरू होण्याआधीच खालचा घ्यायचा. डिझेल गाडीला एक्झॉस्ट ब्रेक असतो, पेट्रोलवाल्या गाडीत बरेचदा इंजिनाकडून वेग रोखून धरणारं बटण असतं. तरीही वेग ठरवलेल्या मर्यादेला टेकला, की ब्रेक ठामपणे दाबून ताशी पाच मैलांनी कमी करायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. सतत हलका पाय ठेवला तर ब्रेक तापतात आणि नेमके गरजेच्या वेळी पकडत नाहीत.

पुढचा टायर फुटला तर आपला पाय आपोआप ब्रेककडे जातो, आणि तिथेच गाडी हातची जाते. स्टिअरिंग घट्ट धरून गाडी सरळ ठेवायची. क्षणभर ॲक्सिलरेटर दाबला तर पुढे जाण्याचा रेटा टिकतो आणि गाडी बाजूला ओढली जाणं थोपतं. ताबा आला की हळूहळू वेग उतरवत कडेला यायचं. हे आधी मनात घोळवलेलं असेल तरच त्या क्षणी आठवतं.

आणखी एक, खास आपल्या घरांसाठी. मागे स्वयंपाकघर आहे म्हणून चालत्या गाडीत चहा टाकायला उठू नये. सगळ्यांनी पट्टे बांधून बसायचं. लहान मुलांची सीट आडव्या सोफ्यावर लावायची नाही. ती पुढे तोंड असलेल्या, त्यासाठी बनवलेल्या आसनावरच बसवायची.

मागे घेणं

आपल्याकडे ट्रकबरोबर क्लीनर असतो. तिथे ते काम नवऱ्याच्या किंवा बायकोच्या गळ्यात पडतं आणि मग कॅम्पग्राउंडवर जाहीर भांडणं ऐकू येतात. ती टाळायची तर खुणा घरीच ठरवाव्यात: थांब, ये, डावीकडे, उजवीकडे. डावीकडे म्हणजे गाडीच्या शेपटीने डावीकडे, हेही ठरवून टाकावं. मार्गदर्शक चालकाच्या आरशात सतत दिसला पाहिजे. तो दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी उभी, मग मागून कोणी कितीही हॉर्न वाजवो. शंका आली की ब्रेक लावून खाली उतरायचं आणि वरखाली पाहून यायचं, कारण मागचा कॅमेरा फांदी दाखवत नाही. जागा निवडायला मिळाली, तर चालकाच्या बाजूने मागे घेता येईल अशी घ्यावी. नवख्यांनी सरळ आत शिरून सरळ बाहेर पडता येईल अशी ‘पुल-थ्रू’ जागाच मागावी.

मोटारहोममागे छोटी मोटार चारही चाकांवर ओढत नेली असेल, तर ही सगळी जोडगाडी मागे घेता येत नाही. मोटार सोडवायची, मगच रिव्हर्स.

मुक्कामाचा क्रम

जागेवर आल्यावर पहिलं काम गाडी समपातळीत आणण्याचं. त्यात आरामापलीकडचं कारण आहे. जुन्या गाड्यांतले अमोनियावर चालणारे फ्रिज तिरपे राहिले तर आतलं अभिसरण अडखळतं आणि यंत्र तापतं. हायड्रॉलिक पाय खाली सोडताना त्यांच्याखाली रुंद फळ्या द्याव्यात, म्हणजे ते ओल्या मातीत रुतत नाहीत. मागची चाकं जमिनीवरून उचलली जाऊ देऊ नयेत. पार्किंग ब्रेक त्याच चाकांना धरतो. ती हवेत गेली की गाडी अडवणारं काही उरत नाही. गाडी स्थिर झाली की बाहेर खांब-झाडं आणि आत मुलं-पिशव्या पाहून, कंपनीच्या पुस्तिकेतल्या क्रमाने खोलीचे सरकते भाग बाहेर काढावेत.

मग वीज. खांबावरचा ब्रेकर आधी बंद करायचा, तपासणी करणारा सर्ज प्रोटेक्टर लावायचा, ब्रेकर चालू केल्यावर त्याने अर्थिंग आणि तारांची जोडणी ठीक दाखवली की ब्रेकर पुन्हा बंद करून गाडीची केबल जोडायची आणि शेवटी ब्रेकर चालू करायचा. अर्थिंग तुटलेल्या खांबामुळे गाडीच्या पत्र्यात वीज उतरू शकते. ३० अँपिअरचं कनेक्शन १२० व्होल्टवर ३,६०० वॉट देतं, ५० अँपिअरचं दोन फेज मिळून १२,०००. ३० वर एसी, मायक्रोवेव्ह आणि चहाची इलेक्ट्रिक किटली एकदम लावली तर ब्रेकर पडणारच.

पाण्याच्या नळाला आधी दाब कमी करणारा रेग्युलेटर, मग फिल्टर, मग पिण्याच्या पाण्याचा वेगळा पाइप. सांडपाण्याच्या टाक्या दोन: संडासाची काळी, बेसिन-मोरीची करडी. काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवायचा मोह आवरावा. पाणी वाहून जातं, घन भाग तळाशी साचून घट्ट ढीग होतो आणि मग तो निघता निघत नाही. टाकी बरीच भरली की हातमोजे घालून आधी काळी सोडायची आणि मागोमाग करडी, म्हणजे त्याच पाण्याने पाइप धुऊन निघतो.

फोडणी घातली की धुराचा भोंगा वाजतो. त्याची बॅटरी काढून ठेवू नये. छपराचा पंखा लावावा, खिडकी उघडावी. तळाशी असतो तो प्रोपेनचा शोधक, कारण प्रोपेन हवेहून जड असून खाली साचतो. कार्बन मोनॉक्साइडचा शोधक तिसरा. प्रोपेन पेट्रोलपंपावर बंद ठेवायचा. बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांसारख्या काही बोगद्यांत प्रोपेनवाल्या गाड्यांवर बंधनं आहेत, तेव्हा तिकडचा मार्ग आधीच बदलावा.

निघताना

निघायची यादी छापून ठेवावी आणि पाठ झाली तरी वाचावी. त्यात दारावरचं कापडी छत गुंडाळलं, अँटेना खाली, छपराच्या खिडक्या बंद, सरकते भाग आत, हायड्रॉलिक पाय वर, केबल-पाइप काढले, पायरी आत, कपाटांना खटके, एवढं तरी असावं. शेवटी एकाने गाडीभोवती पूर्ण फेरी मारायची, आणि मध्येच शेजारच्याने गप्पांत ओढलं तर फेरी पहिल्यापासून. या छंदातले जुने लोक तीन-तीन-तीनचा नियम सांगतात: दिवसाला ३०० मैलांहून जास्त नाही, दुपारी तीनच्या आत मुक्कामी, आणि एका जागी तीन रात्री. नवशिक्यांनी पहिला आकडा निम्मा करावा. उजेडात पोचलं की मागे घेणं, पातळी, वीज, पाणी हे सगळं घाईशिवाय होतं.

हे सारं घरातल्या एकट्याने शिकून भागत नाही. मोठ्या गाडीत बहुधा एक जण कायमचा चालक होतो आणि दुसरा कायमचा प्रवासी. पण चालकाला वाटेत ताप भरला, पाठ धरली, तर जवळचं गाव पन्नास मैलांवर असू शकतं. म्हणून रिकाम्या मैदानातले धडे दोघांनी गिरवावेत, वीज-पाण्याची जोडणी आळीपाळीने करावी, आणि भाड्याची गाडी ताब्यात घेताना दोघांची नावं चालक म्हणून नोंदवावीत. विमा बहुधा नोंदवलेल्या चालकालाच लागू असतो.