आयसीयूचं बिल आणि सिस्टरची पाळी

आयसीयूचं बिल हातात पडलं की राग निघतो सिस्टरवर. पण हिशोब बघा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे तिथे दर पाळीत एका रुग्णामागे 1 परिचारिका हवी. तीन पाळ्या, सुट्ट्या, रजा धरल्या तर एका खाटेला 4-5 जणी लागतात. व्हेंटिलेटरवरच्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतला कफ ओढायचा, लघवी मोजून लिहायची. एकीकडेच तीन रुग्ण दिले तर काहीतरी राहणारच.

खर्चाचं म्हणाल तर रत्नागिरीतून कोल्हापूर-मुंबईला नेण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, मात्र ठरावीक उपचारांनाच. रेशनकार्ड, आधार भरती होतानाच आरोग्यमित्राकडे द्या. डिस्चार्जच्या दिवशी धावपळ करून काय उपयोग?