मुलाची चूक, घराचं काम

शिरवळची एमआयडीसी वाढली, तशी पाळ्यांवर चालणारी घरंही वाढली. अशा घरातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मोटारसायकल चोरीत किंवा हाणामारीत सापडला, की पोलीस त्याला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. गाव सरळ गुन्हेगार ठरवतं. प्रकरण साताऱ्याला, बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथं समुपदेशनाला घरच्यांनीही बसायचं, हे ऐकून आई-वडील धास्तावतात. ही धास्ती बऱ्याचदा गैरसमजांतून येते.

गैरसमज १ : समुपदेशन म्हणजे आई-बापांची झडती.
वस्तुस्थिती : कौटुंबिक समुपदेशक दोषी शोधत नाही. घरात तेच ते पुन्हा का घडतं, हे पाहतो. मुलगा उशिरा येतो, वडील हात उचलतात, पुढच्या वेळी आई उशीर लपवते, मुलगा आणखी बाहेर राहू लागतो. प्रत्येकजण आपल्या परीनं घर सावरतोय, तरी घसरण थांबत नाही. रात्रपाळी असताना मुलाकडे कोण पाहणार, खिशातल्या पैशांची विचारपूस कोण करणार, मार न देता शिस्त कशी लावायची, हे सगळ्यांनी एकत्र बसूनच ठरवायचं.

गैरसमज २ : रिमांड होममध्ये ठेवलं की पोरगं सुधारतं.
वस्तुस्थिती : ज्याला आपण रिमांड होम म्हणतो, ते निरीक्षणगृह चौकशी चालू असेपर्यंतचं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात जामीन हाच नियम आहे. मुलगा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असं दिसलं तरच जामीन नाकारता येतो. मंडळानं विशेष गृहात पाठवलं, तरी जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. मुलगा बहुधा त्याच घरात, त्याच मित्रांत परततो. म्हणून घरासोबत काम करणं टाळता येत नाही.

गैरसमज ३ : अल्पवयीन म्हणजे निबंध लिहून सुटका.
वस्तुस्थिती : मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीनं झालेल्या अपघातानंतर ही समजूत पसरली. दोन जीव गेल्यानंतर तीनशे शब्दांचा निबंध, याचा संताप रास्तच होता. पण ती जामिनाची अट होती, निकाल नव्हे. जूनमध्ये उच्च न्यायालयानं मुलाला आत्याच्या ताब्यात दिलं, तेव्हाही समुपदेशन चालूच ठेवायला सांगितलं. सोळा वर्षांवरील मुलानं अतिगंभीर गुन्हा केला असेल, तर प्रौढ म्हणून खटला चालवायचा का, याचीही तपासणी होते. आणि कलम १८ नुसार समज देऊन घरी सोडतानासुद्धा मुलाचं आणि पालकांचंही समुपदेशन अपेक्षित आहे.

गैरसमज ४ : कौटुंबिक समुपदेशन हे परदेशी खूळ आहे. किंवा उलट, हा रामबाण आहे.
वस्तुस्थिती : दोन्ही खरं नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून अशा मुलांच्या कुटुंबांसोबत काम होतंय. ‘मल्टिसिस्टेमिक थेरपी’त समुपदेशक काही महिने थेट घरी जातो, शाळा, मित्र, शेजार यांचाही विचार करतो. तिथल्या काही अभ्यासांत पुन्हा गुन्हा घडण्याचं प्रमाण घटलं. मात्र इंग्लंडमध्ये ६८४ कुटुंबांच्या चाचणीत (२०१८) ही पद्धत नेहमीच्या सेवांपेक्षा सरस ठरली नाही. म्हणजे पद्धतीचं नुसतं नाव पुरत नाही. आपल्या माणसांची भाषा, पाळ्या, कर्ज आणि भाऊबंदकी समजून काम करणारा माणूस लागतो.

गैरसमज ५ : घरातलं सांगितलं की गावभर होईल आणि मुलाला कायमचा डाग लागेल.
वस्तुस्थिती : परिविक्षा अधिकारी घरची माहिती घेऊन पंधरा दिवसांत सामाजिक तपास अहवाल देतो. कायद्यानं तो गोपनीय असतो. मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रौढ म्हणून खटला चाललेली प्रकरणं वगळता, प्रकरणाच्या नोंदीमुळे मुलगा पुढे कशासाठीही अपात्र ठरत नाही.

म्हणून त्या अधिकाऱ्याला दारू, मारहाण, कर्ज, जे असेल ते खरं सांगा. तारखेला शक्यतो आई-वडील दोघंही रजा टाकून जा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर मोफत विधी सहाय्य मागा. आणि मंडळाला स्वतःहून सांगा, ‘मुलासोबत आमचंही समुपदेशन करा.’ पालकांनी हे म्हणणं म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. मुलाला आम्ही टाकलेलं नाही, हे त्याला कळण्याची ती पहिली खूण आहे.