मुलांची घट्ट अग्रत्वचा : शस्त्रक्रियेची घाई नको

शिश्नाच्या टोकावरील त्वचेला अग्रत्वचा म्हणतात. लहान मुलाची ही त्वचा मागे सरकत नाही असे दिसले, की पालक घाबरतात. शस्त्रक्रिया करावी लागणार, असेच त्यांना वाटते. पण हा दोष आहे का?

जन्मतः अग्रत्वचेचा आतला थर शिश्नमुंडाला चिकटलेला असतो. मधल्या पेशी हळूहळू झडतात आणि दोन थर सुटे होतात. झडलेल्या पेशींचे पांढरे कण दिसतात. तो पू नव्हे. डेन्मार्कमधील याकोब ऑस्टर यांनी १९६८ साली शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. ६-७ वर्षांच्या मुलांपैकी ८ टक्क्यांची अग्रत्वचा घट्ट होती. १६-१७ व्या वर्षी हे प्रमाण केवळ १ टक्का उरले. म्हणजे बहुतेकांना वयच बरे करते.

म्हणून पहिला उपचार म्हणजे वाट पाहणे. त्वचा जोराने मागे ओढू नये. तसे केल्यास ती फाटते, व्रण धरतो आणि नसलेला आजार निर्माण होतो. आंघोळीच्या वेळी बाहेरून पाण्याने धुणे पुरेसे आहे.

लघवीला त्रास होत असेल किंवा वारंवार सूज येत असेल, तर डॉक्टर स्टेरॉइडचे मलम देतात. उदाहरणार्थ, ०.०५ टक्के बीटामेथासोन दिवसातून दोनदा, साधारण ४ ते ८ आठवडे. मलमाने दाह कमी होतो, त्वचा पातळ व लवचीक होते. जोडीला दुखणार नाही इतपतच हलका ताण देतात. बहुसंख्य मुलांना याने गुण येतो. मलम मनाने मात्र लावू नये.

शस्त्रक्रियेविना उपचाराची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. सुश्रुतसंहितेत या विकाराला 'निरुद्धप्रकश' म्हटले असून, तूप लावलेली नळी घालून दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी वापरण्यास सांगितले आहे. आज घरी असे काही करणे अर्थातच धोक्याचे आहे.

टोकाशी पांढरा, कडक व्रण असेल, तर बहुधा शस्त्रक्रियाच लागते. मागे सरकलेली त्वचा तिथेच अडकून सूज आली, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

मुले हा त्रास लाजेने लपवतात. एखादा विद्यार्थी लघवी रोखून धरत असेल किंवा लघवी करताना रडत असेल, तर शिक्षकांनी चारचौघांत न विचारता पालकांना सांगावे. योग्य वेळी दिलेली एवढी माहिती एखाद्या मुलाची शस्त्रक्रिया टाळू शकते.